चित्राला हात लावू नकोस!

महिन्याची वीस तारीख जवळ आली की कर सल्लागारांच्या ऑफिसांत दिवे उशिरापर्यंत जळतात. जीएसटीचं ३-बी विवरणपत्र भरायचं असतं आणि त्याआधी व्यापाऱ्याच्या खरेदीच्या नोंदी पोर्टलवरून उतरवलेल्या २-बी पत्रकाशी ताडून पाहायच्या असतात. दोन्ही एक्सेलमध्ये, दोन्ही आडवी लांबलचक. पंधरा इंची लॅपटॉपवर एक उघडलं की दुसरं झाकलं जातं. मग इकडचा बिल नंबर तोंडात घोळवत तिकडे जायचं, तिकडे पोचेपर्यंत शेवटचे दोन आकडे विसरायचे आणि पुन्हा इकडे यायचं. अनुवादकाचं, मुद्रितशोधकाचं, व्हिडिओ पाहत पाहत प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं दुखणं हेच. यांना दुसरा पडदा हवा असतो. आणि घराच्या हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही संध्याकाळच्या मालिका सुरू होईपर्यंत भिंतीवर नुसता लटकत असतो.

मार्च २०२० मध्ये ऑफिसं घरात आली तेव्हा हा हिशेब अनेकांच्या लक्षात आला. काहीशे रुपयांची केबल आणली, एक टोक लॅपटॉपला आणि दुसरं टीव्हीला लावलं, चित्रही आलं. तक्रारी सुरू झाल्या त्यानंतर. खालची टास्कबार अर्धी कापलेली. अक्षरं फुगलेली, कडेने रंग फुटलेली. माउस हलवला की बाण जरा मागाहून सरकतो. पांढरं पान डोळ्यांत खुपतं. दोन दिवसांत केबल निघते आणि ‘टीव्ही तो टीव्हीच, मॉनिटर तो मॉनिटर’ असा निकाल लागतो.

या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. मॉनिटर आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवतो. टीव्ही आधी त्यावर हात फिरवतो. कडा छाटतो, रंग खुलवतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. सिनेमाला आणि क्रिकेटला हे चालून जातं. एक्सेलला चालत नाही. ही सवय टीव्हीला का लागली हे कळलं की ती मोडायची बटणं कुठे असतील याचाही अंदाज येतो.

तसं पाहिलं तर टीव्हीला कॉम्प्युटर जोडणं ही नवी टूम मुळीच नाही. घरगुती कॉम्प्युटर वाढला तोच टीव्हीच्या आधाराने. १९७७ चा ॲपल टू, १९८२ मध्ये आलेले ब्रिटनमधला झेडएक्स स्पेक्ट्रम आणि अमेरिकेतला कमोडोर ६४ ही यंत्रं घरच्या टीव्हीला जोडता यावीत अशीच बेतलेली होती. स्पेक्ट्रमची वायर तर थेट टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटमध्ये जाई. यंत्रातला छोटा मॉड्युलेटर कॉम्प्युटरचं चित्र रेडिओलहरींवर चढवून पाठवी, आणि ब्रिटनमधली मुलं टीव्ही ३६ नंबरच्या चॅनेलवर लावून ते पकडत. टीव्हीच्या लेखी ते एक प्रक्षेपण केंद्रच होतं. ॲपलने आपल्या यंत्रात असा मॉड्युलेटर बसवला नाही, कारण अमेरिकेतले रेडिओ-व्यत्ययाचे नियम कडक होते. गिऱ्हाइकाला तो वेगळा विकत घ्यावा लागे. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस परवान्यावर बाजारात आणला. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून १९८४-८५ पासून काही शाळांत बीबीसी मायक्रो पोचले. त्यांनाही टीव्हीला जोडायची सोय होती.

खेळांना हे पुरेसं होतं. कारकुनी कामाला मात्र पुरेना. स्पेक्ट्रमच्या एका ओळीत ३२ अक्षरं मावत, ॲपल टूच्या ४०. पत्र किंवा ताळेबंद लिहिणाऱ्याला ८० तरी हवीत, आणि टीव्हीवर ८० अक्षरं काढली की ती एकमेकांत मिसळून जात. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला तेव्हा ऑफिसांसाठी त्याच्याबरोबर ८० अक्षरं आणि २५ ओळी स्वच्छ दाखवणारा, हिरव्या अक्षरांचा स्वतंत्र मॉनिटर दिला. १९८७ मध्ये पंधरा पिनांचं व्हीजीए कनेक्शन आलं आणि कॉम्प्युटरचा संसार टीव्हीपासून पुरता वेगळा झाला.

दोघांना पुन्हा एका केबलवर आणलं एचडीएमआयने. डिसेंबर २००२ मध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी तिची पहिली आवृत्ती जाहीर केली. कॉम्प्युटर मॉनिटरसाठी १९९९ मध्ये आलेल्या डीव्हीआयचाच विद्युत संकेत तिने उचलला आणि त्याच्यात आवाजाची भर घातली. म्हणून जुन्या डीव्हीआय ग्राफिक्स कार्डाला साधा, स्वस्त जोड लावूनही टीव्हीवर चित्र येतं. एकोणीस पिनांच्या या केबलने दोन जगं जोडली खरी, पण टीव्हीच्या सवयी सुटल्या नाहीत.

जोडणीचं काम तसं पाच मिनिटांचं. लॅपटॉपला एचडीएमआयचं पोर्ट असेल तर प्रश्नच नाही. नुसतं टाइप-सी असेल तर सावध राहावं, कारण प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. शेजारी थंडरबोल्टचा बाण किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असली तर कन्व्हर्टर चालेल. नसली तर मॉडेलची माहिती वाचूनच पैसे मोजावेत. व्हीजीएवाल्या जुन्या पीसीला नुसती इकडून तिकडे पिन बदलणारी केबल उपयोगाची नाही. तिथे ॲनालॉग संकेत डिजिटल करणारा, यूएसबीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो, आणि व्हीजीएमधून आवाज जात नसल्याने त्याची वायर वेगळी टाकावी लागते.

केबल महाग असली म्हणजे चित्र सरस येतं, हा दुकानदारांचा आवडता समज. संकेत डिजिटल आहे. तो धड पोचला तर चित्र धड असतं. नाही पोचला तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा मधेच सगळं काळं होतं. सोन्याच्या मुलाम्याने रंग उजळत नाहीत. लांबीचा मात्र फरक पडतो. फोर-के चित्रासाठी साध्या तांब्याच्या केबलची मजल साधारण पाच मीटर. फुल एचडी त्याहून बरंच लांब जातं. घराचं फर्निचर करून घेताना भिंतीतून केबल न्यायची असेल तर आतून प्रकाशतंतू असलेली केबल घ्यावी लागते. तिच्या टोकांवर ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ असं छापलेलं असतं. सुताराने ती उलटी घालून वर प्लाय ठोकला तर चित्र येत नाही आणि प्लाय काढावा लागतो.

केबल लागली की विंडोजच्या कीबोर्डवर विंडोजची की आणि ‘पी’ एकत्र दाबायची. उजवीकडे चार पर्याय उघडतात: नुसता कॉम्प्युटरचा पडदा, दोन्हीकडे तेच चित्र, दोन्ही पडदे मिळून एक मोठी जागा, किंवा नुसता टीव्ही. दुसरा पडदा म्हणून वापरायचा तर तिसरा पर्याय, ‘एक्स्टेंड’. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ अशा आकड्यांचे चौकोन दिसतात. टीव्ही खरोखर जिथे आहे, लॅपटॉपच्या डावीकडे, उजवीकडे की वर, तिथे त्याचा चौकोन ओढून ठेवायचा. हे केलं नाही तर टीव्ही डावीकडे असूनही बाण उजव्या कडेने पळतो आणि सापडत नाही. एकाहून जास्त पडद्यांची ही सोय मॅकिंटॉश टूवर १९८७ पासून आहे आणि विंडोजमध्ये १९९८ च्या आवृत्तीपासून.

आता पहिली तक्रार: कापलेल्या कडा.

तिचं उत्तर काचेच्या जुन्या ट्यूबमध्ये सापडतं. त्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीओळीने फिरून चित्र काढायचा, आणि कडेला तो वाकडातिकडा पडायचा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यानंतरची एक पिढी तरी व्होल्टेज उतरलं की चारी बाजूंनी आकसणारं चित्र पाहत वाढली. टीव्हीबरोबर स्टॅबिलायझर घेणं तेव्हा ओघानेच यायचं. आकसलेल्या चित्राभोवती काळी चौकट दिसू नये म्हणून कारखानदारांनी एक युक्ती केली: चित्र पडद्यापेक्षा थोडं मोठंच काढायचं आणि कडा काचेच्या बाहेर जाऊ द्यायच्या. याला म्हणतात ओव्हरस्कॅन. कार्यक्रम करणाऱ्यांनीही हे गृहीत धरलं. महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या नव्वद टक्क्यांत आणि अक्षरं ऐंशी टक्क्यांत ठेवायची, असा दंडकच होता.

आजच्या सपाट पडद्याला यातलं काहीच लागत नाही. त्याचे ठिपके जागच्या जागी पक्के असतात. तरीही कित्येक टीव्ही एचडी चित्र आलं की ते थोडं मोठं करून कडा छाटतात. बातम्या पाहताना कुणाला पत्ता लागत नाही. कॉम्प्युटरने मात्र आपलं स्टार्ट बटण, घड्याळ, खिडकी बंद करायची फुली असं सगळं कामाचं सामान नेमकं कडेला मांडलेलं असतं.

उपाय टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे. चित्राच्या आकाराच्या मेन्यूत एलजीच्या टीव्हीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, सोनीवर ‘डिस्प्ले एरिया’मध्ये ‘फुल पिक्सेल’ अशी नावं सापडतात. अर्थ सगळ्यांचा एकच: कॉम्प्युटरचा एक ठिपका पडद्यावरच्या एका ठिपक्यावर ठेव, मोठा-लहान करू नकोस. पुष्कळ जण इथे चुकीच्या दाराने जातात. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमधली पट्टी सरकवून कॉम्प्युटरचं चित्रच लहान करतात. कडा दिसू लागतात हे खरं. पण आता चित्र आधी कॉम्प्युटरने आवळलेलं असतं आणि मग टीव्हीने ताणलेलं असतं. या ओढाताणीत अक्षरांची धार जाते. आधी टीव्ही सरळ करावा. ती पट्टी अगदीच नाइलाज झाला तर वापरावी.

दुसरी तक्रार अक्षरांची, आणि देवनागरी वाचणाऱ्याला ती जास्त जाणवते. रोमन लिपीतलं अक्षर थोडं फुगलं तरी ओळखू येतं. देवनागरीत अर्थ टिंबांवर आणि रेघांवर उभा असतो. ‘मंत्री’ या शब्दात शिरोरेघेवर अनुस्वार आहे, खाली तिरपी रेघ आहे, वर दुसऱ्या वेलांटीचा बाक आहे. दहा-बारा आकाराच्या टाइपात अनुस्वार जेमतेम दोन-तीन ठिपक्यांचा असतो, आणि टीव्हीने चित्रावर हात फिरवला की आधी बळी जातो तो त्याचा. मुद्रितशोधन करणाऱ्याला टिंब आहे की नाही हे पाहायला नाक पडद्याला टेकवावं लागत असेल तर त्या दुसऱ्या पडद्याचा काय उपयोग?

यामागे रंगीत टीव्हीची काटकसर आहे. १९५३ मध्ये अमेरिकेने रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरवली तेव्हा अट अशी होती, की कृष्णधवल चित्राला जेवढी जागा लागते तेवढ्यातच रंगही बसले पाहिजेत. इंजिनिअरांनी डोळ्याच्या एका मर्यादेचा फायदा घेतला. उजेड-अंधारातले बारकावे डोळा फार चटकन टिपतो, रंगातले तेवढे टिपत नाही. म्हणून उजेडाचा तपशील पूर्ण पाठवायचा आणि रंगाचा कमी. भारतात १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी, आलेली रंगीत पद्धत वेगळी होती, पण काटकसरीचं तत्त्व तेच होतं. डीव्हीडी, ब्लू-रे आणि आजचे ऑनलाइन सिनेमे यांनीही ते सोडलेलं नाही. त्यांच्या चित्रात शेजारच्या चार ठिपक्यांना उजेड चार वेगवेगळे मिळतात, रंग मात्र चौघांत मिळून एकच. चार खोल्यांना मिळून रंगाचा एकच डबा आणल्यासारखं. या पद्धतीला चार-दोन-शून्य म्हणतात. पूर्ण रंग पाठवणारी ती चार-चार-चार.

चेहऱ्यावर, गवतावर ही काटकसर कळत नाही. निळ्या पट्टीवरच्या लाल अक्षरांत ती लगेच उघडी पडते. कडा जांभळट होतात, बारीक रेघ शेजारच्या रंगात विरघळते. इथे उपाय आहे तो एका लेबलाचा. सॅमसंग आणि एलजीच्या अनेक टीव्हींमध्ये एचडीएमआय इनपुटला नाव किंवा चिन्ह देता येतं: सेट-टॉप बॉक्स, गेम, पीसी असं. त्यातलं ‘पीसी’ निवडलं की नुसती पाटी बदलत नाही, टीव्हीची वागणूकही बदलते. तो पूर्ण रंग घेऊ लागतो आणि बरीचशी सजावट आपणहून बंद करतो. तेवढ्यावर आणखी एक काम उरतं ते ‘शार्पनेस’चं. या नावाने टीव्ही प्रत्येक कडेला उजळ किनार जोडतो. मराठी मजकुरावर ती शिरोरेघेच्या वर एका फिकट दुसऱ्या रेघेसारखी दिसते. ‘शार्पनेस’ खाली आणत ती रेघ जिथे नाहीशी होईल तिथे थांबावं. काही टीव्हींत हा आकडा शून्य असतो, काहींत मधला.

माउसचा बाण मागाहून येण्याचं कारणही हेच हात फिरवणं. टीव्ही गोंगाट काढतो, रंग सुधारतो आणि हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेलं एक चित्र घालतो. मधलं चित्र बनवायचं तर पुढचं येईपर्यंत थांबणं भाग आहे. अशा सगळ्या कामांत काही टीव्हींवर सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशीर होतो. मालिकेत आवाजही तेवढाच मागे ठेवला जातो, त्यामुळे खटकत नाही. हाताने हलवलेल्या माउसला मात्र कुणी मागे ठेवू शकत नाही. ‘गेम मोड’ चालू केला की टीव्ही यातलं बहुतेक काम टाकून देतो आणि उशीर वीस मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याखाली येतो. म्हणजे आयुष्यात एकही गेम न खेळलेल्या अकाउंटंटलाही हाच मोड लावायचा आहे.

पांढऱ्याच्या भगभगीचं कारण दुकानात आहे. शोरूमच्या लखलखाटात शेजारच्या दहा टीव्हींमध्ये उठून दिसावा म्हणून ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असा भडक मोड असतो, आणि घरी आल्यावरही तो कित्येकदा तसाच राहतो. कामासाठी बॅकलाइट निम्म्यावर आणावा आणि मोड ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ ठेवावा. त्यानंतरही काळा रंग राखाडी दिसत असेल, किंवा उलट गडद भागातला सगळा तपशील बुडत असेल, तर कॉम्प्युटर आणि टीव्ही वेगवेगळ्या मोजपट्ट्या वापरत आहेत असं समजावं. कॉम्प्युटर काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ म्हणतो. टीव्हीच्या परंपरेत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. टीव्हीतलं ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा ग्राफिक्स कार्डातलं ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ यांपैकी एक बदलून दोघांना एका मापावर आणलं की हा घोळ मिटतो.

इथवरचं सगळं रिमोटने सुधारतं. पडद्यावर ठिपके किती, हे रिमोटने सुधारत नाही.

एचडी रेडी म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२ इंची टीव्हीवर बहुधा आडवे १,३६६ आणि उभे ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके असतात. फुल एचडीवर १,९२० गुणिले १,०८०, सुमारे पावणेएकवीस लाख. फोर-केवर ३,८४० गुणिले २,१६०, जवळपास ८३ लाख. आता हे ठिपके किती जागेत पसरलेत ते बघायचं. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका इंचात साधारण ९२ ठिपके येतात. तेच फुल एचडी ४३ इंचांवर ताणलं की ५१, आणि ३२ इंची एचडी रेडीवर ४९. फोर-के ४३ इंची टीव्हीवर मात्र १०२, म्हणजे चांगल्या मॉनिटरहून थोडे जास्तच.

निरोगी डोळ्याला किती बारीक ठिपका वेगळा दिसतो याचं एक ठोकळ माप आहे. त्यावरून ४३ इंची फुल एचडी टीव्हीचे ठिपके साडेपाच फुटांच्या आत आलं की दिसू लागतात. ३२ इंची एचडी रेडीचंही तेवढंच. ४३ इंची फोर-केला हे अंतर पावणेतीन फूट आहे. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. सोफ्यावरून स्लाइड दाखवायच्या, मीटिंगमधले चेहरे पाहायचे, शेअर बाजाराचे आलेख उघडे ठेवायचे, तर जुना टीव्हीही उत्तम. टेबलावर दोन-तीन फुटांवर ठेवून दिवसभर मजकूर वाचायचा असेल तर फोर-के हवाच. शिवाय ४३ इंची पडदा ९५ सेंटिमीटर रुंद असतो. दोन फुटांवरून त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचायचं तर मान सतत फिरते. टेबल भिंतीपासून पुढे ओढून घेतलेलं बरं.

फोर-के टीव्ही असूनही बाण अडखळत चालतो, अशी तक्रार जुन्या लॅपटॉपवाल्यांची असते. २००९ च्या एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. २०१३ च्या २.० ने ते ६० वर नेलं. २०१७ च्या २.१ मध्ये १२० पर्यंत सोय झाली. लॅपटॉप १.४ वाला असेल तर उत्तम केबल घेऊनही ३० चे ६० होत नाहीत. तिथे फोर-केचा हट्ट सोडून फुल एचडी ६० वर चालवावं. लॅपटॉप नवा असूनही ६० चा पर्याय दिसत नसेल तर टीव्हीत त्या इनपुटचं एक कुलूप उघडावं लागतं. एलजीवर त्याचं नाव ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’.

वायरलेसने हे सगळं टळेल असं वाटतं. टळत नाही. विंडोजची की आणि ‘के’ दाबल्यावर जी मिराकास्टची जोडणी होते ती २०१२ मध्ये आली. ॲपलची एअरप्ले २०१० ची, गुगलचं क्रोमकास्ट २०१३ चं. तिन्हींत चित्र आधी दाबून लहान करतात, हवेतून पाठवतात आणि टीव्हीवर पुन्हा उलगडतात. त्यात वेळ जातो आणि बारीक अक्षरांची धारही जाते. नातवाचे फोटो दाखवायला, सिनेमा लावायला हे झकास आहे. एक्सेलमध्ये शंभर ओळी भरायला केबलच हवी.

काही बारीकसारीक गोष्टी रोजच्या वापरात अडतात. टीव्ही जोडताच आवाज तिकडे पळतो आणि ऑफिसच्या मीटिंगमधल्या साहेबांचं बोलणं सगळ्या घराला ऐकू जातं. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून तो पुन्हा लॅपटॉपवर आणता येतो. मॉनिटर कॉम्प्युटरबरोबर झोपतो आणि माउस हलवला की उठतो. टीव्ही ‘नो सिग्नल’ दाखवून बंद होतो आणि उठायला रिमोट मागतो. काही टीव्ही तर चार तास रिमोटला हात लागला नाही की घरात कुणी नाही असं समजून स्वतःच बंद होतात. वीजबचतीच्या मेन्यूतून ती सूचना काढून टाकता येते. पैसे भरून पाहायचा सिनेमा टीव्हीवर नेला की काळा पडदा दिसतो, तेव्हा इंटेलने तयार केलेली एचडीसीपी ही नक्कलबंदी आड आलेली असते. वाटेत व्हीजीए किंवा स्वस्त कन्व्हर्टर असला की ती नकार देते. आणि टीव्ही ओएलईडीचा असेल तर दिवसभर एकाच जागी उजळ राहणाऱ्या टास्कबारचा ठसा कालांतराने कायमचा उमटू शकतो. तिथे टास्कबार आपोआप लपेल असं करून ठेवावं.

विजेचं भान आपल्याकडे विशेष ठेवावं लागतं. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंग नावापुरतं असतं, आणि धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या यामुळेच. टीव्हीला गच्चीवरून आलेली डिशची किंवा केबलची वायरही जोडलेली असते. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तिच्यावरून आलेला झटका टीव्हीतून एचडीएमआयमार्गे लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो. गडगडाट सुरू झाला की ती वायर आणि एचडीएमआय दोन्ही काढाव्यात; लॅपटॉप आणि टीव्ही एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डवर लावावेत. बिलाचं म्हणाल तर ४३ इंची एलईडी टीव्ही २४ इंची मॉनिटरहून साधारण साठ वॉट जास्त घेतो असं धरलं, तर रोजच्या आठ तासांचे पंचवीस दिवसांत बारा युनिट होतात.

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत लोकवर्गणीतून आलेले टीव्ही भिंतीवर आहेत. तिथे ‘एक्स्टेंड’चा एक वेगळाच उपयोग होतो. शिक्षकाच्या लॅपटॉपवर प्रश्न आणि उत्तर दोन्ही उघडी, टीव्हीवर मुलांना फक्त प्रश्न. पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूमध्ये पुढची स्लाइड आणि स्वतःची टिपणं शिक्षकालाच दिसतात. ‘डुप्लिकेट’वर ठेवलं तर गुणपत्रकाची फाइल शोधताना ती सगळ्या वर्गाला दिसते.

नवा टीव्ही घेताना हे काम डोक्यात असेल तर दुकानात स्वतःचा लॅपटॉप आणि केबल घेऊन जावी. विक्रेता समुद्राचे, फुलांचे व्हिडिओ दाखवील. त्यांवरून काहीच कळत नाही. त्याऐवजी वर्डचं एक पान न्यावं. त्यात पांढऱ्यावर काळा बारीक मराठी मजकूर असावा आणि खाली निळ्या पट्टीवर लाल अक्षरं. इनपुटला ‘पीसी’ नाव द्यायला सांगावं आणि चारच गोष्टी बघाव्यात. टास्कबारवरचं घड्याळ पूर्ण दिसतं का? लाल अक्षरांच्या कडा स्वच्छ आहेत का? डिस्प्ले सेटिंगमध्ये फोर-केला ६० हर्ट्झ मिळतात का? आणि खिडकी धरून भरभर इकडून तिकडे ओढली तर ती हाताबरोबर येते का? यातलं एखादं जमत नसेल तर रिमोट मागून घ्यावा आणि मेन्यू शोधावा. तिथेही पर्याय सापडला नाही तर तो टीव्ही मालिकांसाठी चांगला असेल, हिशेबाच्या टेबलासाठी २४ किंवा २७ इंची मॉनिटरची किंमत विचारावी.